घराचे मुख चौकाकडे

घराची पारख रस्त्यावरून करण्याची आपणां सर्वांस सवय जडली आहे. आमचे नवीन पनवेल हे सिडकोने आखून वसविलेले नगर. येथील सदनिकांत वाढणाऱ्या विद्यार्थ्यांस घराचे दर्शनी अंग बाहेरच असावयाचे, असे वाटल्यास नवल नाही. परंतु इस्लामी देशांतील जुन्या घरांची रीत याच्या नेमकी उलट आहे.

अशा घराची रस्त्याकडील भिंत बहुधा साधीच असते. कुटुंबाचा, विशेषतः स्त्रियांचा, एकांत राखावा आणि वैभवाचे प्रदर्शन टाळावे, हा त्यातील हेतू. प्रवेशाची वाटही वळणाची. त्यामुळे वाटसरूची नजर आत पोहोचत नाही. ते वळण ओलांडले म्हणजे चौक लागतो, आणि घराची सारी शोभा त्याच्या भिंतींवर प्रकट होते.

ही शोभा मनास येईल तशी मांडलेली नसते. इराणातील काशान शहरची घरे पाहा. चौकात हौद असतो; त्याच्याकडे तोंड केलेल्या दालनांस तीन किंवा पाच दारे असतात. संख्या विषम असल्याने एक दार बरोबर मध्यावर येते व दृष्टी तेथे स्थिरावते. चौकाच्या उत्तर बाजूचे दालन दक्षिणाभिमुख असते. हिवाळ्यातील कललेले ऊन त्यात खोलवर शिरते. समोरचे दालन सावलीत राहते, म्हणून ते उन्हाळ्याचे. कुटुंब ऋतूप्रमाणे दालन बदलीत असे! कैरो येथील सुहैमी घराण्याच्या घरात (मूळ बांधणी १६४८) कमानींची ओसरी उत्तरेकडे उघडते, कारण थंड वारा तिकडून येतो. खिडक्यांस लाकडी जाळ्या आहेत. आतील माणसास बाहेरचे दिसते, बाहेरच्यास आतील नाही.

आता आपल्या वाड्यांकडे वळू. चौक या देशासही प्राचीन काळापासून परिचित आहे. तरीही वाड्यावर पडलेल्या इस्लामी कलेच्या छापेची साक्ष आपली भाषाच देते. महिरप व हौद हे शब्द मूळ अरबी; दालन व दिवाणखाना फारसीतून आलेले. पुण्याच्या विश्रामबागवाड्यातील सुरूच्या आकाराचे खांब मोगल कलेची आठवण करून देतात. मात्र आमच्या कारागिरांनी नुसती नक्कल केली नाही. त्यांनी महिरपीचा डौल सागवानात कोरला. भार खांब व तुळया वाहतात, महिरप केवळ शोभेची. आणि पावसासाठी छप्परे उतरती ठेवली.

असे वाडे आज एकामागून एक पाडले जात आहेत. म्हणून विद्यार्थीमित्रहो, एखाद्या जुन्या घरात जाण्याचा योग आला, तर क्षणभर चौकात उभे राहा. दारे मोजा, ऊन कोठून येते ते पाहा. ज्याने ते बांधले, त्याने वाटसरूपेक्षा घरच्या माणसांच्या सुखाचा विचार अधिक केला होता, हे तुमच्या ध्यानी येईल. आणि शेजाऱ्याच्या साध्या भिंतीवरून त्याच्या घराची किंमत ठरविण्यास मग तुमचे मन सहसा धजणार नाही.