मांजराच्या हनुवटीवरचे काळे ठिपके

घरच्या मांजराच्या हनुवटीखाली कधीकधी मिरपूड सांडल्यासारखे ठिपके दिसतात. हा मळ की पिसवांची विष्ठा? ते ओल्या पांढऱ्या कागदावर झटकून पाहू. तांबूस डाग पसरला, तर ती विष्ठा. तिच्यात पचलेले रक्त असते. डाग पसरला नाही, तर ती बहुधा मुरमे.

मांजर हनुवटी दारा-खुर्च्यांना घासून आपला गंध ठेवते. म्हणून तेथे तैलग्रंथी भरपूर असतात. तेल आणि केराटिन केसाच्या मुळाशी साचले की छिद्र बुजते.

प्लॅस्टिकच्या भांड्यावरील ओरखड्यांत जिवाणू राहतात. म्हणून आम्ही रोज घासलेली स्टीलची वाटी सुचवतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हनुवटी हलके शेकावी; पुटकुळ्या फोडू नयेत.

फिनॉलयुक्त जंतुनाशक मात्र कधीच लावू नये. आपल्या यकृतातील विकरे फिनॉलला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून ते शरीराबाहेर घालवतात. मांजरात ही क्षमता फारच कमी असते. त्यामुळे आपल्याला चालणारे औषध त्याने चाटल्यास विष ठरते.

सूज, पू किंवा रक्त दिसल्यास पशुवैद्याकडेच जावे. कांजूरमार्गहून धीम्या लोकलने परळ गाठता येते; १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय तेथेच आहे.