साखर, पेट स्कॅन आणि पसरलेला कर्करोग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कर्करोगाच्या बहुतेक पेशींना ग्लुकोज फार लागते, हे खरे आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकात ते दाखवून दिले. प्राणवायू पुरेसा असतानाही या पेशी ग्लुकोज अर्धवट मोडून त्याचे लॅक्टिक आम्ल करतात. या एका सत्याच्या आधारे बरेच गैरसमज मात्र बोकाळले आहेत.

साखर आणि भात बंद केला की गाठ उपाशी मरते, हा त्यांतला सर्वांत घातक. ग्लुकोज पेशीच्या आवरणातून आपोआप आत शिरत नाही. त्यासाठी वाहक प्रथिने लागतात. कर्करोगाच्या अनेक पेशींवर ग्लूट-1 हे वाहक मोठ्या संख्येने असते, म्हणून थोडे ग्लुकोजही त्या ओढून घेतात. शिवाय रक्तातले ग्लुकोज केवळ ताटावर ठरत नाही. बिनसाखरेचा चहा पिऊन दिवस काढला, तरी यकृत स्नायूंमधल्या प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतच राहते. गाठ ग्लुटामिन या अमिनो आम्लावरही गुजराण करते. अशा पथ्याने झिजतो तो रुग्णच.

पेट स्कॅनमध्ये जे चमकते ते सगळे कर्करोगच, हाही गैरसमज. या तपासणीत शिरेतून एफडीजी देतात. हे ग्लुकोजसारखेच, पण फ्लोरिन-18 हा किरणोत्सारी अणू जोडलेले द्रव्य. ग्लूटमधून ते पेशीत शिरते, तिथे त्याला फॉस्फेट चिकटते आणि पुढे मोडता न आल्याने ते अडकून पडते. तासाभराने यंत्र यकृतात, हाडांत पसरलेल्या गाठी एकाच फेरीत दाखवते. पण मेंदूही चमकतो, कारण त्याचे इंधनच ग्लुकोज. क्षयाच्या गाठीही चमकतात, आणि भारतात ही शक्यता नेहमी ध्यानात ठेवावी लागते. शंका असेल तिथे तुकडा काढून तपासणेच खरे. तपासणीआधी गुपचूप खाल्लेली दोन बिस्किटेही चित्र बिघडवू शकतात: इन्सुलिन वाढते आणि एफडीजी स्नायूंकडे वळते. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मे होते, म्हणून ते बनवणारे सायक्लोट्रॉन फार दूर असून चालत नाही. भारतातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये मुंबईत परळला सुरू झाले.

चमक नाही म्हणजे रोग नाही, असेही नाही. प्रोस्टेटच्या अनेक गाठी एफडीजी फारसे घेत नाहीत. त्यातच मूत्रपिंडात ग्लुकोज परत रक्तात खेचणारी एसजीएलटी ही दुसऱ्या कुळातली वाहके एफडीजीला ओळखत नाहीत. त्यामुळे ते लघवीत उतरते, मूत्राशय लखलखते आणि शेजारची प्रोस्टेट ग्रंथी झाकोळते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्नेस्ट राइट आणि सहकाऱ्यांनी एसजीएलटी ओळखतील असे वेगळे द्रव्य वापरले. प्रोस्टेट आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात ही वाहके कार्यरत असल्याचे त्यांनी 2015 मध्ये मांडले.

यातूनच नवा समज पसरला: मधुमेहाच्या गोळ्यांनी कर्करोग बरा होतो. डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे याच कुळातले एसजीएलटी-2 हे वाहक रोखतात आणि उंदरांमध्ये काही गाठींची वाढ त्यांनी मंदावली, एवढे खरे. माणसांत ती कर्करोगावरचे मान्य उपचार नाहीत. नीट जेवण न जाणाऱ्या रुग्णाला त्यांनी कीटोआम्लतेचा धोका संभवतो. ग्लूट-1 सरसकट बंद करणे तर आणखी अवघड, कारण मेंदू आणि तांबड्या रक्तपेशी याच वाहकावर जगतात. दवाखान्यात आज साखरवाहकांचा खात्रीचा उपयोग आहे तो रोग शोधण्यासाठी. कर्करोगावरचा उपचार म्हणून मधुमेहाच्या या गोळ्या कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नयेत.