विश्लेषण : नाताळआधी चार मेणबत्त्या कशासाठी? ‘अ‍ॅडव्हेंट रीथ’भोवती घरची प्रार्थना कशी होते?

डिसेंबर उजाडताच बाजारात नाताळ सुरू होतो. ख्रिस्ती पंचांगात मात्र हे दिवस सणाचे नसून सणाची वाट पाहण्याचे, म्हणजे आगमनकाळाचे असतात. ही प्रतीक्षा घरातल्या लहानग्यांनाही डोळ्यांनी दिसावी, म्हणून अनेक ख्रिस्ती कुटुंबांत ‘अ‍ॅडव्हेंट रीथ’ मांडली जाते.

रीथ म्हणजे काय?

हिरव्या डहाळ्यांचे गोल कडे आणि त्यावर चार मेणबत्त्या. नाताळआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा त्या वाढत्या संख्येने पेटतात. गोलाला सुरुवात नाही, शेवट नाही. तो देवाच्या अनंतत्वाची खूण. युरोपात त्यासाठी फर किंवा स्प्रूस वापरतात. वसई किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या सुरूच्या डहाळ्याही चालतात.

सुरुवात कुठे झाली?

जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये. योहान हिनरिक विखर्न या लुथरपंथीय धर्मोपदेशकाने १८३३ मध्ये गरीब, निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाऊस’ ही संस्था सुरू केली. ‘नाताळ कधी येणार?’ असे मुले सारखी विचारत, असे सांगितले जाते. १८३९ मध्ये विखर्न यांनी गाडीच्या चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक ज्योत वाढे आणि उरलेले दिवस मुलांना मोजता येत. पुढे घरगुती वापरात चारच मेणबत्त्या राहिल्या. विसाव्या शतकात ही प्रथा कॅथलिकांनीही स्वीकारली.

एक मेणबत्ती गुलाबी का?

कॅथलिक घरांत साधारणपणे तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि एक गुलाबी असते. जांभळा हा आत्मपरीक्षणाचा रंग. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारी पेटते. निम्मी वाट सरली, आनंद जवळ आला, असा तिचा अर्थ. जर्मनीत चारही लाल मेणबत्त्या सर्रास दिसतात. काही जण मधोमध पाचवी, पांढरी मेणबत्ती ठेवून ती नाताळला लावतात.

घरी प्रार्थना कशी करतात?

बहुतेक घरी रात्रीच्या जेवणाआधी. खोलीतले दिवे मालवतात, ठरलेल्या मेणबत्त्या लावतात, बायबलमधला छोटा उतारा वाचतात, प्रार्थना म्हणतात आणि एखादे गीत गातात. यशया संदेष्ट्याची वचने, योहान बाप्तिस्ता, मग मरिया आणि योसेफ असा वाचनांचा क्रम ठेवता येतो. काही कुटुंबांत पहिल्या आठवड्यात धाकटे मूल, दुसऱ्यात थोरले, तिसऱ्यात आई आणि चौथ्यात वडील मेणबत्ती लावतात. सगळे मिळून दहा मिनिटे पुरतात.

रोज जमले नाही तर?

काही बिघडत नाही. हा विधी बंधनकारक नाही. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी पुढे सुरू करायचे. ज्या घरात सगळ्यांच्या कामाच्या वेळा वेगळ्या असतात, तिथे निदान रविवारी एकत्र बसता येते.

काळजी काय घ्याल?

डहाळ्या सुकल्या की लवकर पेट घेतात. त्यामुळे त्या अधूनमधून बदलाव्यात, रीथ पडद्यापासून दूर ठेवावी आणि प्रार्थना संपताच मेणबत्त्या विझवाव्यात.

चारही मेणबत्त्या सारख्या उंचीच्या का राहत नाहीत?

हे साधे गणित आहे. २०२५ मध्ये आगमनकाळाचे रविवार ३० नोव्हेंबर, ७, १४ आणि २१ डिसेंबर असे होते. २४ डिसेंबरपर्यंत रोज दहा मिनिटे धरली, तर पहिली मेणबत्ती २५० मिनिटे जळते, दुसरी १८०, तिसरी ११० आणि चौथी फक्त ४०. नाताळच्या आदल्या रात्री त्या पायऱ्यांसारख्या दिसतात. उरलेले दिवस ज्योती सांगतात, तर घराने एकत्र बसून काढलेला वेळ वितळलेल्या मेणावरून कळतो. म्हणूनच पहिली मेणबत्ती आखूड झाली, तरी ती बदलायची घाई करू नये.