सात अ‍ॅपांचं दुकान

दुकान, हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, नफा. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इतके मुरले की, आज त्यांना परकं म्हणणाराच परका वाटेल. गेल्या काही वर्षांत या यादीत नवी भर पडली आहे. कॅटलॉग, पेमेंट गेटवे, डॅशबोर्ड, सबस्क्रिप्शन. हे शब्द अजून मुरलेले नाहीत. त्यांची मला तक्रार नाही, शब्द मुरायला वेळ लागतोच. मात्र त्या शब्दांमागची जी यंत्रणा आहे, ती घरगुती धंदा करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर कशी बसते आणि तिला खाली कसं उतरवता येतं, याबद्दल आज थोडं बोलावंसं वाटतं.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाचं शिक्षण माझ्याकडे नाही. पण माझं अक्षर बरं आहे. त्यामुळे माझी भाची आणि तिच्या तीन शेजारणी, अशा चौघींनी जेव्हा घरून मिरचीपूड आणि जवसाची चटणी विकायला सुरुवात केली, तेव्हा पार्सलांवर पत्ते लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. पत्ते लिहिणाऱ्याला सगळं दिसतं. कोणाचा माल गेला, कोणाचा राहिला, कोणी तिसऱ्यांदा मागवला.

आमचं कोंढा भंडारा-पवनी रस्त्यावरचं गाव. भिवापूर शेजारच्या नागपूर जिल्ह्यात असलं तरी तिथली मिरची आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या येते. त्या मिरचीला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. नोकरीसाठी नागपूर, पुणे, मुंबई गाठलेल्या इकडच्या माणसांना तिथल्या तिखटात चव सापडत नाही, हे या चौघींचं भांडवल. एप्रिल-मे महिन्यांत, वर्षाचं तिखट भरायच्या दिवसांत, मागणी इतकी असते की डोळ्यांची आग थांबत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत या धंद्यामागे सात साधनं जमली होती. वेबसाइटवर दुकान उघडून देणारी एक सेवा, महिन्याच्या भाड्यानं. पैसे घेणारा पेमेंट गेटवे. व्हॉट्सअ‍ॅप. निरनिराळी कुरिअर एका जागी दाखवणारी सेवा. बिलं करण्याचं अ‍ॅप. साठा मोजण्याचं अ‍ॅप. आणि जुन्या गिऱ्हाइकांना सणावाराचे संदेश पाठवणारं आणखी एक. यातलं एकही मूर्खपणानं घेतलेलं नव्हतं. प्रत्येकाला त्या-त्या वेळी कारण होतं. नात्यातल्या एका हुशार मुलानं सगळं जोडून दिलं आणि नोकरीसाठी तो पुण्याला गेला. निम्मे पासवर्ड त्याच्या फोनमध्ये गेले.

मग मे महिन्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. दोन किलोचे सातशे रुपये भरून दहा दिवस झाले, तिखट कुठे आहे? चौघी फोन घेऊन बसल्या. वेबसाइट म्हणे, व्यवहार अपूर्ण. गेटवे म्हणे, पैसे मिळाले. साठ्याचं अ‍ॅप म्हणे, दोन किलो कमी झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आपली ऑर्डर मिळाली आहे, आभारी आहोत' असा आपोआप गेलेला संदेश. आणि बँकेच्या पुस्तकात सातशेची नोंदच नाही. एका मालाबद्दल पाच जागी पाच साक्षी. तुम्हाला सांगतो, चार बायकांच्या भागीदारीत सातशे रुपयांचा पत्ता लागेना, तेव्हा पहिला संशय कंपन्यांवर गेला नाही. तो एकमेकींवर गेला. दोन दिवस त्या घरात कोणी नीट बोललं नाही. धंदा मोडायला तेवढं पुरलं असतं.

झालं काय होतं? गिऱ्हाइकानं पैसे भरले, पण दुकानाच्या पानावर परत येण्याआधीच फोनची खिडकी बंद झाली. पैसे मिळाल्याची वर्दी गेटवेकडून वेबसाइटला पोचलीच नाही. साठा मात्र मागणी नोंदवतानाच वजा झाला होता आणि आभाराचा संदेशही तेव्हाच गेला होता. राहिला बँकेचा प्रश्न. तो समजून घेण्यासारखा आहे, कारण तो बहुतेक छोट्या दुकानदारांना छळतो.

गेटवे गिऱ्हाइकाचे पैसे लगेच आपल्या खात्यात टाकत नाही. साधारण दोन कामकाजी दिवसांनी, अनेक मागण्यांची रक्कम एकत्र करून आणि आपला आकार कापून तो ती पाठवतो. समजा साडेतीनशे, सातशे आणि साडेतीनशे अशा तीन मागण्या आल्या. एकूण १४०० रुपये. दोन टक्के आकार म्हणजे २८ रुपये. त्या आकारावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५ रुपये ४ पैसे. बँकेत जमा होणार १३६६ रुपये ९६ पैसे. आता हा आकडा पाहून कोणत्या बाईला त्यात पुण्याचे सातशे ओळखू येणार? गेटवेनं चोरी केलेली नाही, त्याचा हिशेब त्याच्या पानावर स्वच्छ मांडलेला असतो. पण ते पान सहा पानांच्या मागे असतं आणि त्याचा पासवर्ड पुण्याला असतो.

पुण्याच्या बाईंना तिखट गेलं. त्यानंतर भाचीनं मला विचारलं, "मामू, यातलं कोणतं अ‍ॅप चांगलं?" मला वाटतं, हा प्रश्नच बाजूला ठेवायला हवा. अ‍ॅपची तुलना करायला बसलं की आठवं अ‍ॅप घरात येतं. त्याऐवजी आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर कामं लिहिली. मागणी येते. पैसे येतात. माल भरला जातो. तो पाठवला जातो. पोचतो किंवा तक्रार येते. बस्स. यातलं प्रत्येक काम सध्या किती ठिकाणी लिहिलं जातं? मागणी चार ठिकाणी, पैसे तीन, साठा दोन. दुखणं इथं होतं. एकच गोष्ट दोन जागी लिहिली की, कधी ना कधी त्या दोन जागा वेगवेगळं बोलणार.

म्हणून पहिला नियम ठरला. खरी नोंद एकाच जागी. बाकी साधनं असतील तर हरकाम्यासारखी असतील, त्यांची साक्ष चालणार नाही. ती जागा म्हणजे फोनवर उघडणारा एक साधा तक्ता, गूगल शीट. चौघींनाही तो आपापल्या फोनवर दिसतो. एका मागणीला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीला क्रमांक. नाव, पत्ता, पिन कोड, माल, रक्कम, पैसे आल्याची खूण, पोस्टाचा क्रमांक, शेरा.

पैसे आल्याची खूण म्हणजे यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक. गिऱ्हाइकानं पाठवलेला पडद्याचा फोटो ही खूण नव्हे. तसे फोटो खोटे बनवता येतात आणि बनवले जातात. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसली, तरच ओळ पुढे सरकते. इथे एक बारीक गोष्ट. एक्सेलच्या साध्या रकान्यात बारा अंकी आकडा टाकला, तर तो मधेच इंग्रजी 'ई' घालून आखडून दाखवतो, आणि आकडा शून्यानं सुरू होत असेल तर ते शून्य गिळतो. म्हणून फोन, संदर्भ क्रमांक यांचे रकाने आधीच 'मजकूर' या प्रकारात टाकून ठेवावेत. त्यांची बेरीज कोणी करणार नसतं.

पोस्टाचा क्रमांक तेरा अक्षरांचा. दोन अक्षरं, नऊ अंक आणि शेवटी भारताची 'आयएन' ही दोन अक्षरं. २०२५ मध्ये रजिस्टर्ड टपालही स्पीड पोस्टात विलीन झालं. तो क्रमांक गिऱ्हाइकाला कळवला की 'कुठवर आलं' हे विचारणारे निम्मे फोन बंद होतात.

व्हॉट्सअ‍ॅपचं धंद्यासाठीचं वेगळं, विनामूल्य अ‍ॅप भारतात जानेवारी २०१८ मध्ये आलं. त्यात मालाची चित्रं आणि भाव मांडता येतात, नेहमीची उत्तरं साठवता येतात आणि संभाषणांना रंगीत खुणा लावता येतात. नवी मागणी, पैसे बाकी, पैसे मिळाले, काम पूर्ण. या चार खुणांनी सणाच्या संदेशांचं अ‍ॅप आणि वेबसाइटचं बरंचसं काम भागवलं. पैशांसाठी यूपीआयचा क्यूआर. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून टक्केवारी घेतली जात नाही. सातशे आले की सातशेच दिसतात. चौघींच्या शांततेची किंमत मी या एका गोष्टीत मोजतो.

सगळी साधनं एकदम बंद करणं मात्र धोक्याचं. आम्ही एकेक बंद केलं. आधी त्यातला सगळा मजकूर उतरवून घेतला, कारण भाडं थांबलं की जुनी गिऱ्हाइकंही दाराआड राहू शकतात. महिनाभर जुनं-नवं दोन्ही चालवलं आणि मग आपोआप होणारी वसुली थांबवली. ही वसुली लोक विसरतात. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार कार्डावरून अशी नेहमीची रक्कम कापण्याच्या किमान चोवीस तास आधी कळवावं लागतं. तो संदेश वाचायला हवा. यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' नावाचं पान असतं, तेही एकदा उघडून पाहावं. आमच्याकडे एका बंद पडलेल्या सेवेचं भाडं चार महिने जात होतं. कंपनीचं नाव घेत नाही, पैसे परत मिळाले नाहीत.

यात गमावलंही काही. रात्री दोन वाजता कोणाशी न बोलता मागणी नोंदवणारं गिऱ्हाईक गेलं. कार्डानं पैसे देणारे गेले. सगळा धंदा एका परदेशी कंपनीच्या अ‍ॅपवर टेकला, हे मला अजून खटकतं, म्हणून गिऱ्हाइकांची नावं आणि फोन तक्त्यात वेगळे ठेवायला लावले. दिवसाला दहा-पंधरा मागण्यांपर्यंत ही रीत चालते. पन्नास झाल्या तर हातानं उतरवणं कोसळेल, तेव्हा साधनं पुन्हा आणावी लागतील. आणायलाच हवीत. अवजारांचा राग धरण्यात अर्थ नाही.

टॅलीची गोष्ट इथे आठवते. बंगळूरचे श्यामसुंदर गोयंका कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवत. हिशेबाचं मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून गणिताचा पदवीधर असलेल्या मुलाला, भरत गोयंकांना, त्यांनी ते लिहायला सांगितलं. १९८६ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. त्या काळच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खात्याला सांकेतिक आकडा द्यावा लागे. टॅलीत खात्याचं नाव लिहिलं की पुरे. दुकानदाराची भाषा यंत्रानं शिकली. आमच्याकडे उलट झालं होतं, चौघी सात यंत्रांच्या भाषा शिकत बसल्या होत्या. मुंबईच्या डबेवाल्यांचंही तसंच. डब्याच्या झाकणावरचे रंग आणि आकडे कुठलं स्टेशन, कुठली इमारत, कितवा मजला हे सांगतात, आणि हातोहात जाणाऱ्या त्या डब्याची ती एकच नोंद सगळ्यांना वाचता येते.

कायद्याची एक बाजू सांगायला हवी, कारण ती कोणतंही अ‍ॅप समजावून सांगत नाही. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल, तर जीएसटीची नोंदणी साधारणपणे लागत नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या वस्तूंना त्यात सवलत आहे, मिरचीपुडीला नाही. म्हणून तक्त्यात पिन कोडचा रकाना. रायपूरहून मागणी आली की भाची हात जोडते. अन्नपदार्थ असल्यानं एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर लागतो, तो आहे.

उन्हाळ्यात वीज जाते, नेटवर्क जातं, नेमकं मागणीच्या दिवसांत. त्यासाठी रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या ओळी मी एका वहीत उतरवतो. पासवर्डही आता एका वेगळ्या वहीत, कपाटात, कुलपात. किल्ली चौघींना ठाऊक आहे, मला नाही, आणि ते योग्यच आहे.

सध्या वाद आहे तो 'शेरा' या शेवटच्या रकान्याचा. एक शेजारीण म्हणते, त्याचा हिशेबाला उपयोग नाही, काढून टाका. माझं मत ठेवण्याच्या बाजूनं पडलं. परवा त्यात भाचीनं लिहिलं होतं, 'नागपूरच्या काकू, डॉक्टरांनी तिखट कमी सांगितलं, अर्धा किलोच पाठवणे, जास्त मागितलं तरी.'