विसरायला लागलं तर सांगायचं कोणाला?

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरच्या बाकावर आम्हा जुन्या पेशंटचे विषय ठरलेले असतात. सीडीफोर म्हणजे प्रतिकारपेशींचा आकडा किती, व्हायरल लोड म्हणजे रक्तातला विषाणू किती, शुगरची गोळी कुठे स्वस्त मिळते. विसरण्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि बोललंच तर वयावर ढकलून हसतो. मी अठ्ठावन्न वर्षांची, डोंबिवली पूर्वेला पोळी-भाजी केंद्र चालवते. सगळ्या ऑर्डरी तोंडपाठ असायच्या, त्या निसटायला लागल्या. फोन ठेवला की पोळ्या वीस सांगितल्या की तीस, हेच आठवेना.

पहिला संशय व्हायरसवरच गेला. डॉक्टर म्हणाले, एचआयव्ही मेंदूच्या चेतापेशींत शिरत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींबरोबर तो मेंदूत पोचतो आणि तिथल्या संरक्षक पेशींत ठाण मांडतो. त्या पेशी भडकतात, आणि त्यांच्यातून सुटणाऱ्या द्रव्यांनी शेजारच्या चेतापेशींना इजा होते. औषधांनी हे बरंच आटोक्यात येतं, पण आधी झालेलं नुकसान पुरतं भरून निघेलच असं नाही. आमची पिढी इथेच मार खाऊन बसली आहे. सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झालं. तेव्हा मी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जायचे. त्या काळी सीडीफोर २०० च्या खाली उतरेपर्यंत किंवा मोठं दुखणं येईपर्यंत बहुतेकांना गोळ्या मिळत नसत. २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार सुरू होतात. ज्यांच्या सीडीफोरने एकदा तळ गाठला, त्यांच्यात पुढे लक्ष आणि स्मरणाच्या तक्रारी जास्त दिसतात.

डॉक्टरांनी एक छोटी परीक्षा घेतली. आधी चार शब्द ऐकायचे. मग अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायची, टेबलावर मूठ, पालथा पंजा, आडवा पंजा असा क्रम घोटायचा, आणि शेवटी ते चार शब्द परत सांगायचे. बारापैकी दहा किंवा कमी गुण आले तर पुढच्या तपासण्या. लिहिता-वाचता आलं नाही तरी चालतं, म्हणून मला ती आवडली. मी काठावर पास झाले. रक्तात बी-१२ मात्र फारच कमी निघालं. विसरण्याचं खापर नेहमी एचआयव्हीवर फोडू नये, ते यासाठी. झोप, मनाची उदासी, थायरॉइड, कमी झालेलं ऐकू येणं, सगळं तपासून घ्यावं.

मग त्यांनी ‘कॉग्निटिव्ह रिझर्व्ह’ म्हणजे मेंदूची शिल्लक समजावली. रविवारी मेगाब्लॉक लागला की ज्याला फक्त रोजची लोकल ठाऊक, तो फलाटावर अडकतो. शिळ रोडची बस, ऐरोलीचा वळसा माहीत असलेला उशिरा का होईना, पोचतो. शिक्षण, काम, वाचन, माणसांत वावरणं यांतून मेंदूला असे पर्यायी रस्ते मिळतात. अमेरिकेत १९९६ मध्ये लक्षणं नसलेल्या एचआयव्हीबाधितांवरचा एक अभ्यास आला. शिल्लक जास्त असलेल्यांनी चाचण्यांत जास्त टिकाव धरला होता.

ही शिल्लक मोजताना शिक्षणाचं वजन मोठं. मी सातवी पास, त्यामुळे जरा रागच आला. मग हैदराबादचं कळलं. डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या गटाने २०१३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती मांडली. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि शाळेत न गेलेल्यांतही फरक दिसला. ते एचआयव्हीचे पेशंट नव्हते, आणि दुसरीकडच्या सगळ्याच अभ्यासांत असं आढळलेलं नाही. तरी घरी मराठी, भाजीवाल्याशी हिंदी आणि समोरच्या बेनशी गुजराती बोलणाऱ्या मला जरा बळ आलं.

माझी शिल्लक आटली ती गुपितामुळे, असं माझं मत. यजमान वारल्यावर, ते कशाने गेले असं कोणी विचारेल या धास्तीने मी हळदीकुंकू सोडलं, भिशी सोडली, पै फ्रेंड्स लायब्ररीतून पुस्तकं आणणंही सोडलं. संमतीशिवाय आपलं एचआयव्हीचं कोणी उघड करायचं नाही, असा २०१७ चा कायदा आहे. पण कायदा शेजारणीशी गप्पा मारायला घेऊन जात नाही. तिथे स्वतःलाच जावं लागतं, आणि काही न सांगताही जाता येतं, हे मला उशिरा सुचलं.

आता कौन्सिलर मॅडमना सांगून ठेवलंय: गोळ्या चुकल्या का विचारता, तसं काही विसरायला होतंय का, हेही विचारा. गोळी आधी, बाकी सगळं नंतर, हे मला पक्कं ठाऊक आहे. बी-१२ ची इंजेक्शनं घेतली, भजनी मंडळात नाव घातलं. यंदा भिशीचा हिशेब माझ्याकडे आहे. बायका म्हणतात, मोबाईलवर कर. मी आधी तोंडी करते, मग मोबाईलवर ताडून बघते.