ओली जमीन, उसाच्या ट्रॉल्या आणि रस्त्याचं आयुष्य

दसरा-दिवाळीच्या सुमारास सातारा-सांगलीत गळीत हंगामाची तयारी सुरू होते. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती, अशा एकेका कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते आणि ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस रस्त्यावर येतो. नेमकी हीच वेळ रस्त्याखालच्या जमिनीसाठी वाईट असते. चार महिन्यांचा पाऊस मुरलेला, कृष्णाकाठची काळी माती पाणी पिऊन फुगलेली, आणि बाजूच्या उसाला पाटाचं पाणी चालूच. वर्षातलं सगळ्यात जड ओझं वर्षातल्या सगळ्यात मऊ जमिनीवर येतं, आणि दर हंगामात येतं.

खड्ड्याचा विषय निघाला की आपण कंत्राटदारावर येऊन थांबतो. जिथे चोरी झाली तिथे शिक्षा व्हायलाच हवी. पण नियमाप्रमाणे बांधलेला रस्ताही खचतो. तो का खचतो आणि किती वर्षांनी खचतो, हे मोजण्याचं एक पक्कं शास्त्र आहे. त्यातून आपल्या रस्त्यांबद्दल काय निष्पन्न झालं, हे मात्र आपल्याला कुणी सांगत नाही.

डांबराचा काळा थर म्हणजे रस्त्याचं छप्पर. खरा भार पेलतात ते खालचे खडीचे आणि मुरमाचे थर, आणि शेवटी माती. मातीची ताकद तपासण्यासाठी तिचा नमुना चार दिवस पाण्यात भिजवून ठेवतात आणि मग त्यात दट्ट्या दाबून तिचा विरोध मोजतात. ही सीबीआर चाचणी. उत्तम फोडलेल्या खडीचा आकडा शंभर धरला, तर आपली काळी माती भिजल्यावर बहुतेकदा दोन ते चारच्या घरात राहते. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. रस्त्याच्या मधोमध माती झाकलेली असल्याने तिथला ओलावा फारसा बदलत नाही. साइडपट्टीकडे तो दर ऋतूला बदलतो. म्हणून काळ्या रानातल्या रस्त्यावर कडेला समांतर अशा लांबच लांब भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जातं आणि पुढचं काम ट्रॉल्या करतात. मातीत चुना मिसळला की हे फुगणं बरंच कमी होतं. भराव उंच ठेवला, गटारं उघडी ठेवली आणि मोऱ्या तुंबू दिल्या नाहीत, तरी पुष्कळ साधतं. डांबरीकरणाच्या उद्घाटनाचे फोटो येतात, गटार काढल्याचे येत नाहीत. माझ्या मते रस्त्याचं आयुष्य मात्र गटारावरच अधिक ठरतं.

रस्ता वरून धडधाकट दिसत असताना आतून किती दमला आहे, हे सांगणारं एक साधं उपकरण आहे. बेंकेलमन बीम हे त्याचं नाव. अमेरिकेतले अभियंते ए. सी. बेंकेलमन यांनी ते १९५३च्या सुमारास बनवलं. मागच्या अ‍ॅक्सलवर सव्वाआठ टनांच्या आसपास वजन असलेला ट्रक रस्त्यावर उभा करतात. त्याच्या जोडचाकांच्या फटीत बीमचं लांब टोक सरकवतात आणि ट्रक हळूच पुढे नेतात. चाकाखाली दबलेला रस्ता परत वर येतो, आणि किती वर आला ते डायलवर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत वाचता येतं. अर्धा-पाऊण मिलिमीटर दबला तर तब्येत चांगली. दोन-अडीच मिलिमीटर दबला तर वरून कितीही सीलकोट मारा, उपयोग नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमावलीत ही मोजणी पावसाळा संपताच करावी असं सांगितलं आहे, कारण माती तेव्हा सगळ्यात कमजोर असते. म्हणजे ट्रॉल्या रस्त्यावर येण्याच्या जेमतेम आधी.

ओझ्याचा हिशेब जगाला कळला तो इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ. तिथे १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं वेगवेगळ्या जाडीच्या रस्त्यांच्या गोल मार्गांवरून लष्कराचे जवान रात्रंदिवस ट्रक चालवत होते. अकरा लाखांहून अधिक अ‍ॅक्सल त्या रस्त्यांवरून गेले. रस्ते फुटेपर्यंत ते चालवले गेले आणि प्रत्येक भेगेची नोंद झाली. त्यातून निघालेलं सूत्र आजही जगभर वापरलं जातं. अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होतं. नुकसान वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. अर्धा टन भाराच्या मोटारीच्या अ‍ॅक्सलने सत्तर हजार फेऱ्या मारल्या, तर सव्वाआठ टनांच्या ट्रकच्या अ‍ॅक्सलच्या एका फेरीइतकी झीज होते.

हे सूत्र आपल्या कायद्याला लावून पाहू. चार टायरच्या एका अ‍ॅक्सलवर पूर्वी १०.२ टन वजनाला परवानगी होती. जुलै २०१८मध्ये केंद्राने ती ११.५ टन केली. वजन वाढलं सुमारे तेरा टक्के. चौथ्या घाताच्या हिशेबाने झीज वाढली साठ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा आधीच बांधून झालेल्या रस्त्यांची जाडी अर्थातच वाढली नाही. उसाच्या ट्रॉलीची गोष्ट आणखी वेगळी. ती सावकाश चालते, आणि डांबरावर भार जितका जास्त वेळ राहतो तितकं ते जास्त दबतं. चढावर कण्हत जाणाऱ्या ट्रॅक्टरखाली म्हणूनच चाकोऱ्या पडतात. यात ऊसवाल्या शेतकऱ्याला दोष देण्याचा हेतू नाही. त्याचा ऊस वेळेवर गाळला गेलाच पाहिजे. रस्ता त्या वजनासाठी आखलेला असावा, एवढंच.

ओटावाचे आकडे तिथल्या मातीचे आणि तिथल्या बर्फाचे. तिथे रस्ता सगळ्यात कमजोर होतो तो हिवाळा संपून बर्फ वितळताना. आपल्याकडे काय होतं, हे आपणच मोजायला हवं, आणि या विचाराची मुळं एका मराठी माणसापर्यंत जातात. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने १९२७ साली रस्ते समिती नेमली. जयकर समितीच्या शिफारशींनुसार १९२९मध्ये पेट्रोलवर जादा कर बसवून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला, आणि त्यातला काही वाटा प्रयोग व संशोधनासाठी होता. १९३४ साली भारतीय रस्ते काँग्रेस स्थापन झाली आणि स्वातंत्र्यानंतर दिल्लीत केंद्रीय मार्ग संशोधन संस्था आली. पेट्रोल घेणाऱ्याच्या पैशातून संशोधन व्हावं, ही कल्पना शंभरीकडे चालली आहे. तिला फळंही आली. या संस्थेने आणि आयआयटी खरगपूरने देशातल्या रस्त्यांच्या तुकड्यांवर भेगा आणि चाकोऱ्या मोजून जी सूत्रं काढली, त्यांवरच आज आपल्या डांबरी रस्त्यांची जाडी ठरते.

ही सूत्रं देशाच्या सरासरीची आहेत. सातारा जिल्हा कुठल्याच सरासरीत बसत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सातारा शहरात हजाराच्या आसपास आणि दहिवडीला जेमतेम पाचशे. पश्चिमेकडून पूर्वेकडे शंभर किलोमीटरच्या आत हा फरक पडतो, तोही एकाच दगडावर. शिराळ्याहून आटपाडी-जतकडे निघालं की सांगलीतही असाच उतार लागतो. बेसाल्टची खडी ग्रॅनाइटपेक्षा डांबर घट्ट धरून ठेवते, म्हणजे खडीचं सुख दोन्ही टोकांना सारखंच. बदलतात पाणी, माती आणि ओझं. संशोधकाला याहून चांगली मांडणी मुद्दाम करूनही मिळणार नाही. शिवाय सांगलीत १९४७पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि कराडमध्ये १९६०पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय.

एक तयार तुकडाही हाताशी आहे. ३० मे २०२१च्या सकाळपासून चोवीस तासांत पुसेगाव ते म्हासुर्णे या मार्गावर ३९ किलोमीटरहून अधिक लांबीचं डांबरीकरण झालं. त्या विक्रमाच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. मजुरांनी रात्रभर मेहनत केली, तिचं कौतुक आहेच. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र त्या रस्त्याचं मोल वेगळं आहे. इतक्या लांबीचं डांबर एकाच दिवशी, एकाच हवेत, एकाच चमूने टाकलं, असं क्वचित घडतं. जन्मवेळ तासापर्यंत ठाऊक आहे. आता दर ऑक्टोबरमध्ये तिथे बीम लावून दबणं मोजावं, भेगा आणि चाकोऱ्या नोंदवाव्यात, कुठे पाणी साचतं ते लिहून ठेवावं आणि हंगामात अ‍ॅक्सलवरचं वजन काट्यावर घ्यावं. दहा वर्षं हे नेटाने केलं, तर खटाव तालुक्याच्या मातीवरचा रस्ता कसा म्हातारा होतो, हे पहिल्यांदा आकड्यांत कळेल. असाच एक तुकडा महाबळेश्वरच्या पावसात निवडावा आणि एक वाळव्याच्या उसात.

अमेरिका आणि कॅनडाने १९८७पासून हेच केलं. अडीच हजारांहून अधिक तुकडे निवडले, ते वर्षानुवर्षं मोजले, आणि ते सगळे आकडे आज कुणालाही फुकट पाहता येतात. खुलेपणाची सवय आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर खर्च, कंत्राटदार आणि पाच वर्षांची देखभाल लिहिलेला फलक असतो, आणि गावातली माणसं तो वाचतात. त्या फलकावर आणखी दोन ओळी मावतील: हा रस्ता किती टनांच्या अ‍ॅक्सलसाठी आखला आहे, आणि गेल्या पावसाळ्यानंतर तो किती मिलिमीटर दबला. हे आकडे समोर असले, तर ग्रामसभेत डांबराचा आणखी एक थर मागायचा की आधी गटार आणि मोरी, हे गावाला स्वतः ठरवता येईल.