तुंबडी लावण्याआधी रक्त तपासा

वर्धा जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या, निंदणाला जाणाऱ्या बाया आणि हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये ओझी उचलणारे बांधव यांच्या घरी कंबरदुखी, सांधेदुखी रोजचीच. दुखणे अंगावर काढायचे आणि फारच झाले तर तुंबडी लावून घ्यायची, ही जुनी रीत. पूर्वी वैदू बाया शिंगाची तुंबडी घेऊन गावोगाव फिरत. आता शहरांत तीच 'हिजामा', 'कपिंग' या नावांनी, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेल्यांनी लावतात. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याच्या खांद्यावर दिसलेले गोल डाग याच तुंबडीचे होते.

उपचार फार प्राचीन आहे. विनयपिटकातील महावग्गात पिलिंदवच्छ या भिक्खूच्या सांधेदुखीची हकीकत येते. तथागतांनी त्यावर रक्त काढण्याची व शिंग लावण्याची परवानगी दिली. त्या काळच्या वैद्यकाला जे ठाऊक होते, ते दुखणाऱ्या माणसाला मिळावे हाच त्यातला अर्थ. आज वैद्यकाला पुष्कळ अधिक ठाऊक आहे. तेही दुखणाऱ्याला मिळाले पाहिजे.

तुंबडीचे दोन प्रकार. कोरडी तुंबडी नुसती कातडी ओढते. तिने पाठीला काही दिवस हलके वाटते, झोप लागते, माणूस कामाला जाऊ शकतो. पण हा आराम टिकतोच, असा पक्का पुरावा नाही. दुसऱ्या प्रकारात कातडीवर चिरे देऊन रक्त काढतात. "खराब रक्त निघाले" असे सांगितले जाते, ते खरे नव्हे. निघते ते आपलेच चांगले रक्त. पाते किंवा पेला निर्जंतुक नसेल तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांची लागण होऊ शकते.

आपल्याला याहून मोठा धोका आहे. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडे, सांधे असह्य दुखतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलची अवघी १० ते २० दिवस. म्हणजे अशा रुग्णाच्या अंगात रक्त आधीच कमी. घरचे त्याला वात समजतात आणि चिरे देऊन आणखी रक्त काढतात!

म्हणून लहान मुलाचे किंवा तरुणाचे सांधे वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर आधी सिकलसेलची रक्ततपासणी करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात, वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात चौकशी करा. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू झाली आहे.

आजार निघाला तर घाबरू नका. भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, फॉलिक अॅसिड आणि डॉक्टरांनी दिल्यास हायड्रॉक्सियुरिया, एवढ्यानेही दुखण्याचे झटके कमी होतात. ताप आला, धाप लागली तर मात्र दवाखाना ताबडतोब गाठावा.

लग्न जमवतानाही मुला-मुलीची तपासणी करावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक असणे हा दोष नाही, त्यावरून कुणाच्या मुलीला नावे ठेवू नयेत.